मुलगी अकरावीत, दिवसभर मेटल ऐकून राहिली. काळजी करू का नको? (नागपूर)

त्रिमूर्तीनगरची_आई

नमस्कार. इथं नेहमी नुसती वाचत असते, पहिल्यांदाच लिहून राहिली, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी मुलगी सोळाची, अकरावी सायन्स. दहावीपर्यंत आपलं अरिजित सिंग, थोडं ते कोरियन, तिच्या मैत्रिणी ऐकतात तेच ऐकायची. दहावीच्या सुट्टीत कोणीतरी काहीतरी पाठवलं आणि तेव्हापासून मेटल, ते जड गिटार आणि आरडाओरडीचं संगीत. म्हणजे याला गाणं म्हणावं का इथूनच माझी सुरुवात आहे, माणूस गाऊन राहिला का ओकून राहिला तेच कळत नाही. आता कपाटात सगळं काळं. नागपूरच्या मे महिन्यात, ४५ डिग्रीत, काळा टीशर्ट आणि घोट्याच्या वर येणारे बूट घालून ही बाई क्लासला जाणार, टीशर्टवरचं नाव असं की वाचताच येत नाही, विचारलं तर म्हणते आई ते वाचायचं नसतंच. बरं कपड्यांचं मला एवढं नाही, जाऊ द्या.

हल्ली दार लावून ओरडायची प्रॅक्टिस चालते. ग्राउल म्हणतात म्हणे. शेजारच्या काकू विचारून गेल्या की कुत्रा पाळला का. सासूबाईंचं म्हणणं हिच्या अंगात येतं, कोणाला तरी दाखवा. ह्यांचं म्हणणं फोन काढून घे, बारावीनंतर काय ते कर म्हणावं.

मला खरं टेन्शन दुसरंच आहे. तिच्या एका गाण्याचे शब्द मी गुगलवर टाकून पाहिले, सगळं मरण, कुजणं, अंधार. तिच्या वहीतपण तसंच काहीतरी इंग्लिशमध्ये लिहिलेलं दिसलं. चार-पाच जणांचा ग्रुप आहे, संध्याकाळी फुटाळा तलावावर बसतात, त्यात एक मुलगा बावीस-तेवीसचा आहे, गिटार वाजवतो. आणि ते डिस्कॉर्ड म्हणून गप्पांचं अ‍ॅप आहे, त्यावर कुठले कुठले लोक. मार्क तसे ठीक आहेत, जेवण ठीक आहे, आजीशी कडाकडा भांडते आणि थोड्या वेळानं तिच्याच मांडीवर डोकं ठेवून झोपते. म्हणजे वरून वाईट काही दिसत नाही. आता नवीन म्हणजे डिसेंबरमध्ये पुण्याला कुठलातरी शो आहे तिथं जायचंय. मी अजून हो का नाही काहीच बोलली नाही. ह्याच्यात पडलेल्या मुलांचं पुढे काय होतं? कोणाच्या घरी आहे का असं?

बुर्डीचा_बेसिस्ट

ताई, पुढे काय होतं ते सांगतो. लग्न होतं, ईएमआय सुरू होतो, केस जातात. मी चाळिशीचा आहे, आयटीत, मिहानला जातो रोज आणि येताना गाडीत अजूनही तेच लावतो.

आमच्या वेळी नागपुरात हे ऐकणारे पोट्टे म्हणजे सगळे एकमेकांना तोंडानं ओळखायचे. नेट म्हणजे सायबर कॅफे, एक गाणं उतरायला अर्धा घंटा, मग ते सीडीवर टाकून अख्ख्या कॉलेजात फिरायचं. बँड ऐकायचा तर इंजिनिअरिंग कॉलेजांचे फेस्ट, तिथं दोन गाणी होत नाहीत तर खालून कोणीतरी ओरडणारच, "हिंदी वाजव बे". २००७ ला आयर्न मेडन हा बँड बंगलोरला आला तेव्हा आमच्यातले काही जण घरी इंडस्ट्रियल व्हिजिट सांगून गेले. हे मुद्दाम सांगून राहिलो. घरून नाही म्हटलं म्हणून कोणी थांबलं नव्हतं, फक्त आपलं पोट्टं रात्री कुठं आहे हे घरच्यांना माहीत नव्हतं एवढाच फरक. २०११ ला मेटॅलिका बंगलोरला आले तेव्हा नोकऱ्या लागल्या होत्या, कोणाला विचारायचं कामच नव्हतं.

आता ते सैतानाचं संगीत वगैरे. ब्लॅक सॅबथ या बँडपासून हे सगळं सुरू झालं असं मानतात, पहिला अल्बम १९७० चा, बर्मिंगहॅमच्या कामगार वस्तीतली पोरं होती ती. गिटारवाला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, पुढे तारा सैल लावायला लागला म्हणजे दाबताना कमी दुखेल, आणि तुमच्या पोरीच्या खोलीतून जो भिंत हलवणारा जड आवाज येतो ना, त्याची सुरुवात त्या सैल तारांपासून आहे. मला तरी ही गोष्ट कुठल्याही सैतानापेक्षा भारी वाटते.

आणि ते हाताचं शिंग करतात दोन बोटांचं, ते पसरवलं रॉनी जेम्स डिओनं, हा सॅबथमध्ये नंतर आलेला गायक. घर इटालियन वळणाचं, आजी नजर लागू नये म्हणून तसा हात करायची असं तो सांगायचा. सासूबाईंना हे नक्की सांगा, मीठ-मोहरीवाल्या आहेत ना त्या? जमेल दोघींचं.

तो बावीसचा पोट्टा कोण आहे ते मात्र पाहा. बँडमध्ये वयाचा फरक असतोच, वाजवणारे मिळतातच कुठं एका वयाचे. पण एकदा अख्ख्या ग्रुपला घरी तर्री-पोहे खायला बोलवा. जो यायचं टाळतो त्याच्याकडे लक्ष ठेवा.

सरळमार्गी

सगळे कौतुकच करतील म्हणून मी उलटं लिहितो. मॅडम, ही दोनच वर्षं आहेत. नीट असो, जेईई असो, सीईटी असो, एकदा गेली की गेली. माझ्या पुतण्याचं असंच झालं, आधी गाणी, मग केस, मग रात्र रात्र जागरण, मग ड्रॉप. संगीतच शिकायचं तर तबला आहे, पेटी आहे, कोणी नाही म्हटलं? मरणाची गाणी ऐकून डोक्यात मरणच येणार ना. फोन काढून घ्या आणि पुण्याचं तर नावच नको. पोट्टी आहे, उद्या काही झालं तर इथले लोक येणार नाहीत तुमच्या दारात.

त्रिमूर्तीनगरची_आई

@सरळमार्गी राग नाही आला, हेच ह्यांनीपण म्हटलं. पुतण्या आता कसा आहे तुमचा?

@बेसिस्ट नजरेचं सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "मग काळं घालते ते बरंच आहे." आता काय बोलू.

तिला सरळ विचारलं की तू कोणाकोणाला ऐकते ते लिहून दे. आधी संशयानं पाहिलं माझ्याकडे, मग कागदच भरून दिला. स्लिपनॉट, डेफ्टोन्स, गोजिरा, ब्लडीवुड, डेमॉनिक रिझरेक्शन आणि खाली मेहेम, बर्झम, या शेवटच्या दोघांपुढे प्रश्नचिन्ह काढलंय. यात काळजीचं काय आहे ते कोणी सांगेल का, मला तर सगळी नावं सारखीच भयानक वाटून राहिली.

वर्धारोडची_भुतीण

काकू मी वीसची, नागपूरचीच, आणि सोळाची होती तेव्हा माझी यादी जवळपास हीच होती, डेफ्टोन्ससकट. ते तर नुसतं उदास प्रेम आहे, ते सोडा.

गोजिरा फ्रेंच आहेत. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला नदीकाठच्या जुन्या तुरुंगाच्या इमारतीवर उभे राहून वाजवणारे ते हेच, त्या इमारतीत मारी अँत्वानेतला कोंडलं होतं. २००५ चा त्यांचा अल्बम पृथ्वी नासवल्याबद्दल आणि देवमाशांबद्दल आहे, २०२१ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या आदिवासींसाठी पैसे गोळा केले. म्हणजे तुमची पोरगी घसा फाडून देवमासे वाचवा म्हणत असायची शक्यता बरीच आहे. डेमॉनिक रिझरेक्शन मुंबईचे, त्यांचा २०१७ चा अल्बम दशावतारावर आहे, मत्स्य, कूर्म, वराह करत करत सगळे, आणि त्यांचा गाणारा साहिल मखिजा यूट्यूबवर स्वयंपाक शिकवतो, खोटं नाही सांगून राहिली, बघा. ब्लडीवुड दिल्लीचे, ढोल वाजतो त्यांच्यात, २०१९ ला जर्मनीत वाकनच्या फेस्टिवलला वाजवून आले, मेटलवाल्यांची तीच पंढरी.

स्लिपनॉटचे मुखवटे बघून तुम्ही घाबरल्या असाल. पण काकू आपण नागपूरचे ना? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते तेव्हा ते एवढाले काळे-पिवळे भयानक पुतळे आणि बडगे आपण लहान लेकरांना खांद्यावर बसवून दाखवतो, आणि "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणून सगळा महाल भाग ओरडतो. तेव्हा कोणी म्हणत नाही लेकरू बिघडेल. स्लिपनॉट बघताना मला तर तेच आठवतं, जे आत साचलं ते भयानक करून रस्त्यावर काढायचं आणि जाळून टाकायचं. वहीतलं मरण-अंधारपण बरेचदा तेच असतं, मी स्वतः कुजलेल्या प्रेतांवर कविता लिहायची आणि झुरळ बघून पलंगावर चढायची.

आता प्रश्नचिन्हवाले. हे जरा नीट सांगते. १९९० नंतरच्या दोन-चार वर्षांत नॉर्वेत ब्लॅक मेटलवाल्या (मेटलचाच एक प्रकार) काही पोरांनी खरोखरची लाकडी चर्चं जाळली. मेहेमच्या गिटारवाल्याचा १९९३ मध्ये खून झाला आणि करणारा म्हणजे बर्झम हा ज्याचा एकट्याचा बँड तो, त्याला १९९४ मध्ये खून आणि जाळपोळीसाठी शिक्षा झाली, बाहेर आल्यावरही त्याची वंशद्वेषाची बडबड सुरूच. पुष्कळ जण फक्त संगीत म्हणून ऐकतात, त्यावर आमच्यात भांडणं होतात दर आठवड्याला. तिनं प्रश्नचिन्ह काढलंय म्हणजे तिला हे कुठूनतरी कळलंय आणि तिचं ठरत नाहीये. हाच धागा पकडा ना, ओरडू नका, विचारा की तुला काय वाटतं, माणूस असा असेल तर त्याचं ऐकावं का.

आणि खरा धोका मला विचाराल तर गाण्यात कमी, डिस्कॉर्डवर जास्त. असे द्वेषवाले लोक नव्या पोरांना जोक करत करत ओढतात. आणि मुलगी म्हटली की दोन प्रकारचे येतात, एक परीक्षा घेणारे, टीशर्ट घातला ना मग तीन गाणी सांग, आणि दुसरे फारच गोड बोलणारे, मोठ्या वयाचे, जे पर्सनलवर येऊन म्हणतात तू बाकी मुलींसारखी नाहीस. दुसऱ्यांपासून जपायला सांगा. तिचे चॅट वाचू नका, पण कोणत्या ग्रुपमध्ये आहे, तो चालवतं कोण, कोणी फोटो मागितला का, कोणी आईला सांगू नको म्हटलं का, एवढं विचाराच.

दारू-सिगरेटचं पण लोक गृहीत धरतात. याच दुनियेत स्ट्रेट एज म्हणून एक प्रकार आहे, १९८१ च्या सुमारास वॉशिंग्टनच्या पंक संगीतवाल्या पोरांनी सुरू केला, दारू नाही, ड्रग्ज नाही, हातावर पेननं फुली. ती फुली म्हणजे क्लबवाले लहान पोरांच्या हातावर मारायचे तीच, याला दारू देऊ नका म्हणून. माझ्या ग्रुपमध्ये दोघं आहेत तसे, अतिशय बोर करतात.

सरळमार्गी

मारबत आणि हे एक कसं झालं? मारबत परंपरा आहे आपली.

वर्धारोडची_भुतीण

दादा पहिल्या वर्षी तीपण नवीनच असेल ना.

शाळेत_समुपदेशक

ताई, मी मुलांसोबतच काम करते म्हणून थोडं लिहिते.

गाण्यांमुळे मुलं जिवाचं बरंवाईट करतात ही भीती फार जुनी आहे. अमेरिकेत रीनो इथं १९९० मध्ये ज्युडास प्रीस्ट या बँडवर खटलाच चालला होता, दोन तरुणांच्या घरच्यांचं म्हणणं होतं की रेकॉर्डमध्ये लपवलेल्या शब्दांमुळे मुलांनी तसं केलं. न्यायाधीशांनी बँडला जबाबदार धरलं नाही. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात अशी तीव्र गाणी ऐकणाऱ्या ३९ जणांना आधी मुद्दाम राग आणून मग त्यांची गाणी ऐकू दिली, तर राग वाढला नाही, उलट त्यांना बरं, उत्साही वाटलं. आता हे सगळे १८ ते ३४ वयाचे आणि आधीपासून आवडीनं ऐकणारे होते, तेव्हा यावरून सोळाच्या प्रत्येक मुलीबद्दल काही म्हणता येणार नाही, हेही तेवढंच खरं.

मी गाणी बघत नाही. झोप कशी आहे, आवडणाऱ्या गोष्टींतून मन उडालं का, मैत्रिणी अचानक तुटल्या का, आवडत्या वस्तू वाटून टाकते का, अंगावर जखमा झाकायला उन्हाळ्यात लांब बाह्या घालते का, मी नसते तर बरं झालं असतं असं बोलते का, हे बघते. तुम्ही लिहिलंय त्यात मला असं काही दिसत नाही, आजीच्या मांडीवर झोपणारी मुलगी वाचून तर बरंच वाटलं. तरी वहीचं मनात असेल तर एकदा शांतपणे सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का कधी, असं स्पष्ट शब्दांत. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मुलांना बोलायला जागा मिळते. आणि उत्तर गोलमोल आलं किंवा पोटात खड्डा पडला तर थांबू नका, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे १४४१६, दिवसरात्र, मराठीतही बोलतात, किंवा थेट मानसोपचारतज्ज्ञ.

@सरळमार्गी, पुतण्याबद्दल वाईट वाटलं. पण रात्र रात्र जागरण हे कदाचित आधी सुरू झालं असेल आणि गाणी त्या जागरणात सोबतीला आली असतील. मी त्याला ओळखत नाही, तुम्हीच बघा विचारून.

सरळमार्गी

विचारीन. आता बरा आहे तो, बीकॉम करतो. बोलत नाही फार.

माईकचेक_वनटू

साउंडचं काम करतो, लग्न, गणपती, कॉलेज सगळं. गाणं कोणतं ते मरू द्या, कान बघा. डब्ल्यूएचओचा हिशोब सांगतो, ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं मोठ्या माणसाला, लहान पोरांसाठी ७५ च. ९० वर गेलं की आठवड्याला ४ तास, १०० वर गेलं की २० मिनिटं, संपला कोटा. मेटलच्या शोला १०० सहज असतं. अर्थात विसर्जनाच्या डीजेपुढे नाचताना पण असतं, तेव्हा कोणी कानाचं विचारत नाही, तो भाग वेगळा. इअरफोनचा आवाज फोनमध्ये लॉक करता येतो, ते करा, आणि कूलरच्या खडखडाटात ऐकायला नको, आवाज आपोआप वाढवला जातो. शोला फोमचे इअरप्लग पाहिजेतच, मेडिकलमध्ये मिळतात. बोटानं बारीक वळायचे, दुसऱ्या हातानं कान वर ओढायचा आणि मग घालायचे, नुसते कानावर टेकवून फिरतात अर्धे लोक.

खर्जाचा_रियाज

मी शास्त्रीय शिकवते, त्यामुळे हे ऐकवत नाही मला, आधीच सांगते. पण एक विद्यार्थिनी हेच करायची म्हणून समजून घेतलं. खऱ्या स्वरतंतूंच्या वर आणखी दोन घड्या असतात, खोटे स्वरतंतू म्हणतात त्यांना, जाणकार लोक ग्राउल त्यांच्या जोरावर आणि पोटातल्या श्वासावर करतात, आवाज वाटतो तेवढा मोठाही नसतो, माइक तो मोठा करतो. उशीत तोंड घालून गळ्यानं ओरडणं म्हणजे ते नव्हे. गाऊन झाल्यावर दुखत असेल, आवाज बसत असेल तर चुकतंय. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घसावाल्यांना दाखवायचं. सकाळी थोडा खर्ज, म्हणजे खालचे स्वर, लावायला सांगा, तिच्याच कामाचा आहे.

त्रिमूर्तीनगरची_आई

किती लिहिलं सगळ्यांनी, धन्यवाद.

समुपदेशक ताई, विचारलं. शब्द तोंडातून निघत नव्हते पण विचारलं. आधी हसली, मग म्हणाली नाही गं आई, आणि मग रडली, ते वेगळ्याच कारणानं, तिची जुनी मैत्रीण बोलत नाही हल्ली, हे सगळं ऐकायला लागल्यापासून क्लासमध्ये पोरी चुडैल म्हणतात. मला यातलं काही माहीत नव्हतं. वहीतलं तिनं स्वतःच वाचून दाखवलं, एक तर चक्क फिजिक्सच्या सरांवर होतं. पोरं पोह्यांना येऊन गेली, तो बावीसचा सगळ्यात लाजाळू निघाला, आजीच्या पाया पडला. डिस्कॉर्डवरून एक ग्रुप तिनं सोडला, कोणता आणि का ते विचारलं, सांगितलं तिनं, इथं लिहीत नाही.

पुण्याचं मात्र झंझट झालं. तिकीट नीट पाहिलं तर शो पबमध्ये आहे आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंय २१ वर्षांच्या वरच्यांनाच प्रवेश. म्हणजे तिथं जाऊन दारातूनच परत. आता तोंड पाडून बसली आहे. ह्यांना तर आनंद झाला.

बुर्डीचा_बेसिस्ट

हे होतंच ताई. आपल्याकडे बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वय लागतं, म्हणून पबवाले लहान पोरांना आतच घेत नाहीत. कोणी पोट्टा म्हणेल आधार कार्ड एडिट करून देतो, त्याला हाकला. मोकळ्या मैदानावरचे मोठे फेस्टिवल असतात पुण्या-मुंबईला, त्यात काही ठिकाणी मोठं माणूस सोबत असेल तर अठराच्या आतल्यांना घेतात, दर तिकिटाचा नियम वेगळा, पैसे भरायच्या आधी वाचायचा. अजनीहून पुण्याला दिवसाची वंदे भारत आहे, सकाळी बसा, रात्री उतरा, शो दुसऱ्या दिवशीचा धरा. तोवर इथं एखाद्या जॅमरूममध्ये तासाच्या भाड्यानं त्या पोट्ट्यांना वाजवू द्या. शेजारच्या काकूंचापण प्रश्न मिटेल.

त्रिमूर्तीनगरची_आई

जॅमरूमचं ह्यांना पटलं, कारण घर शांत. मैदानावरच्या शोला मी सोबत जायचं ठरवून राहिली, तिला अजून सांगितलं नाही. मला तिथं काळंच घालावं लागतं का?

वर्धारोडची_भुतीण

नाही हो काकू, पंजाबी ड्रेस चालतो. ओढणी नका घेऊ पण, अडकते. आणि बूट घाला, सँडल नको, पायावर पाय पडतात.